लठ्ठ रुग्णाला पूर्ण भूल देताना सूक्ष्म रक्ताभिसरण सांभाळायचे कसे

मॉनिटरवर सरासरी धमनीदाब ६८ मिमी, सॅच्युरेशन ९८ टक्के, नाडी ७४. आकड्यांत काहीच वावगे नाही. तरीही चादरीखालचा हात गार लागतो, तर्जनीचे टोक दाबून सोडले की गुलाबी रंग परतायला पाच सेकंद लागतात आणि लॅक्टेट (ऊतींना ऑक्सिजन कमी पडला की रक्तात वाढणारा पदार्थ) २.८ मिलिमोलवर गेलेले असते. मॉनिटर मोठ्या धमनीतला दाब मोजतो. ऑक्सिजन मात्र पेशींना मिळतो तो १०० मायक्रोमीटरपेक्षा बारीक वाहिन्यांच्या जाळ्यात, म्हणजे धमनिका, केशवाहिन्या आणि शिरिका यांच्यात. लठ्ठ रुग्णाच्या भुलेत या दोन गोष्टींची फारकत लवकर होते.

हे टिपण भूलतज्ज्ञ, भूलशास्त्राचे निवासी डॉक्टर आणि ओटीतले तंत्रज्ञ व परिचारिका यांच्यासाठी आहे. लठ्ठपणात या बारीक वाहिन्यांची राखीव ताकद आधीच खर्ची पडलेली असते आणि भुलेमुळे उरलीसुरलीही कमी होते. म्हणून आपल्याच औषधांनी होणारे मोठे चढउतार टाळायचे आणि दाबाच्या जोडीला आणखी एकदोन खुणा सतत बघत राहायच्या. पुढच्या सगळ्या सूचना याच दोन कामांच्या आहेत.

वाहिन्यांत आधीच काय बिघडलेले असते

निरोगी वाहिनीचे आतले अस्तर, एन्डोथेलियम, नायट्रिक ऑक्साइड तयार करते आणि वाहिनी गरजेप्रमाणे सैल होते. इन्सुलिनही याच मार्गाने स्नायूंतल्या झोपलेल्या केशवाहिन्या उघडते. पोटातली चरबी वाढली की रक्तात मुक्त मेदाम्ले, टीएनएफ-अल्फा आणि इंटरल्यूकिन-६ ही दाहाची रसायने वाढतात, अ‍ॅडिपोनेक्टिन घटते. इन्सुलिनला प्रतिरोध निर्माण होतो, पण तो अर्धवट असतो: नायट्रिक ऑक्साइड बनवणारा मार्ग मंदावतो, तर एन्डोथेलिन-१ सोडून वाहिनी आवळणारा मार्ग चालूच राहतो. त्यात सुपरऑक्साइड भर घालते. जे थोडे नायट्रिक ऑक्साइड तयार होते त्याचे ते पेरॉक्सिनायट्राइट करून टाकते.

रचनाही बदलते. काही ऊतींत केशवाहिन्यांची संख्या विरळ होते, म्हणजे रक्तापासून पेशीपर्यंतचे अंतर वाढते. चरबीच्या ऊतीत तर प्रत्येक ग्रॅममागे मिळणारे रक्त लठ्ठपणा वाढेल तसे कमी होत जाते. एन्डोथेलियमवर साखर-प्रथिनांचा एक मऊ थर असतो, ग्लायकोकॅलिक्स. नदीतल्या दगडावरच्या शेवाळासारखा तो भिंतीला धरून असतो. द्रव बाहेर झिरपू देत नाही, पांढऱ्या पेशींना चिकटू देत नाही आणि रक्ताच्या वेगाची खबर भिंतीला देतो. दीर्घकाळ वाढलेली साखर आणि दाह यांनी हा थर पातळ होतो.

विश्रांतीत यातले फारसे काही दिसून येत नाही. त्वचेचा प्रवाह मोजला तर तो सर्वसाधारण येऊ शकतो. मागणी वाढली किंवा दाब पडला की मग ही उणीव उघडी पडते.

भुलेने काय भर पडते

बहुतेक लठ्ठ रुग्णांत, विशेषतः झोपेत श्वास अडकण्याचा त्रास असेल तर, सिम्पथेटिक मज्जासंस्था (ताणाच्या वेळी वाहिन्या आवळणारी) कायम चढलेली असते. त्यांचा दाब बराचसा तिच्या जोरावर उभा असतो. शिरेतून द्यायचे भुलेचे औषध, प्रोपोफॉल, हा आधार काढून घेते. शिरा सैल होतात, हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते, दाब झपकन उतरतो. सेव्होफ्लुरेन आणि आयसोफ्लुरेन हे श्वासातून द्यायचे भुलेचे वायू धमनिका सैल करतात. त्वचेला यामुळे भरपूर रक्त मिळते आणि प्रोबवरचा परफ्युजन इंडेक्स (बोटातल्या नाडीच्या प्रवाहाचा आकडा) वाढतो, पण त्याच वेळी आतड्याला किंवा मूत्रपिंडाला पुरेसे मिळते आहे असे त्यावरून म्हणता येत नाही.

दुसरा परिणाम कमी लक्षात घेतला जातो. धमनिका मिनिटाला साधारण सहा वेळा आपोआप आकुंचन पावतात आणि सैल होतात, त्यामुळे वेगवेगळ्या केशवाहिन्यांना आळीपाळीने रक्त मिळते. पूर्ण भुलेत हा ठेका मंदावतो. जिथे केशवाहिन्या आधीच विरळ आहेत तिथे ही पाळी मोडली की काही कप्पे बराच वेळ रक्ताविना राहतात.

टेबलावर घेण्यापूर्वी

रुग्णाचा स्वतःचा दाब माहीत नसेल तर भुलेत कोणता आकडा पुरेसा हे ठरवता येत नाही. ओटीच्या दारात घाबरलेल्या अवस्थेत घेतलेला आकडा यासाठी चालत नाही. वॉर्डातल्या आदल्या दिवशीच्या दोनतीन नोंदी बघा आणि सरासरी धमनीदाब केस पेपरवर मोठ्या अक्षरांत लिहा.

दाब मोजताना कफ चुकला तर पुढचे सारेच चुकते. कफाच्या फुग्याची लांबी दंडाच्या घेराच्या ८० टक्के आणि रुंदी ४० टक्के हवी. दंडाचा घेर टेपने मोजा: ३५ ते ४४ सेंमी असेल तर १६ × ३६ सेंमीचा मोठा कफ, ४५ ते ५२ सेंमी असेल तर १६ × ४२ सेंमीचा मांडीचा कफ. लहान कफ दाब खोटा जास्त दाखवतो. म्हणजे मॉनिटरवर ७० दिसत असताना खरा आकडा ६० च्या घरात असू शकतो, आणि ही चूक नेमकी सगळ्यात धोक्याच्या दिशेने असते. दंड शंकूसारखा असेल, वर जाड आणि कोपराकडे निमुळता, तर कफ घसरत राहतो. तेव्हा मनगटाच्या वर, हाताच्या पुढच्या भागावर कफ लावा. मात्र रुग्ण जागा असतानाच दंड आणि पुढचा हात दोन्हीकडे मोजून फरक लिहून ठेवा, कारण पुढच्या हातावरचा आकडा बहुधा जास्त येतो. हात हृदयाच्या पातळीवरच हवा. बीएमआय ५० च्या पुढे, मोठी शस्त्रक्रिया किंवा कफ नीट बसत नाही, यांपैकी काहीही असेल तर मनगटात धमनीची लाइन टाका. उगाच कफाशी झगडत बसू नका.

एसीई इनहिबिटर किंवा एआरबी गटातली रक्तदाबाची गोळी चालू असेल आणि हृदय कमजोर असल्यामुळे दिलेली नसेल, तर शेवटचा डोस २४ तास आधी घ्यायला सांगणे सोयीचे. नाहीतर वाहिन्या आवळणाऱ्या फिनाइलेफ्रिनला न जुमानणारा दाब सांभाळावा लागतो आणि शेवटी व्हॅसोप्रेसिन मिनिटाला ०.०३ युनिटने चालू करायची वेळ येते.

जागेपणीच्या तीन नोंदी अवश्य घ्या: कॅपिलरी रिफिल (दाबलेल्या त्वचेचा रंग परतायला लागणारा वेळ), परफ्युजन इंडेक्स आणि हाताचे तापमान. दोन मिनिटांचे काम आहे. यातला एकेकटा आकडा फारसे काही सांगत नाही. स्वतःच्याच मूळ आकड्यापासून तो किती हलला, यात सगळी माहिती असते.

कॅपिलरी रिफिल बोटाने घाईत दाबून घेतली तर दर माणसागणिक वेगळी येते. उजव्या तर्जनीच्या शेवटच्या पेराच्या तळव्याकडच्या बाजूवर काचेची स्लाइड ठेवा. त्वचा पांढरी पडेपर्यंत दाबा. तोच दाब पूर्ण दहा सेकंद धरा. स्लाइड उचला आणि सेकंदकाटा बघत मूळ रंग परत येईपर्यंत मोजा. तीन सेकंदांपेक्षा जास्त म्हणजे लांबलेली. हात गार असेल तर आधी गरम करा. गार त्वचेची रिफिल नेहमीच लांबते, त्यावरून काही ठरवता येत नाही.

डोस काढताना वजन कोणते

सूक्ष्म रक्ताभिसरणाला पहिला मोठा फटका पुष्कळदा सिरिंजमधूनच बसतो, म्हणून हा हिशेब नीट करा. १६० सेंमी उंचीची, १२० किलो वजनाची स्त्री घ्या. बीएमआय ४६.९.

आदर्श वजन: ४५.५ + ०.९१ × (उंची − १५२.४), म्हणजे ५२.४ किलो. पुरुषासाठी ४५.५ च्या जागी ५०.

लीन वजन (चरबी वगळून), स्त्रीसाठी: ९२७० × वजन ÷ (८७८० + २४४ × बीएमआय). इथे ५५ किलो येते. पुरुषासाठी खालचा भाग ६६८० + २१६ × बीएमआय असा.

समायोजित वजन: आदर्श वजन + ०.४ × (खरे वजन − आदर्श वजन), म्हणजे सुमारे ७९ किलो.

आता प्रोपोफॉल २ मिलिग्रॅम प्रतिकिलो धरा. लीन वजनावर ११० मिलिग्रॅम होते. खऱ्या वजनावर २४० मिलिग्रॅम, दुपटीहून अधिक. इंडक्शनच्या, म्हणजे भूल सुरू करण्याच्या, वेळी औषध मेंदू आणि हृदयाकडे जाते. चरबीला मिळणारे रक्त कमी असल्याने पहिल्या मिनिटांत ती त्यातले फारसे शोषून घेत नाही. जास्तीचे १३० मिलिग्रॅम सरळ रक्तवाहिन्या आणि हृदयाच्या स्नायूवर जातात. म्हणून इंडक्शन लीन वजनावर, चालू ठेवायचे प्रोपोफॉल समायोजित वजनावर, ओपिऑइड लीन वजनावर, स्नायू सैल करणारे रोक्युरोनियम आदर्श वजनावर. स्नायू सैल करणारे दुसरे औषध, सक्सिनिलकोलिन, मात्र खऱ्या वजनावर द्यावे लागते.

लीन वजनावरचा डोस एकदम न देता दोन हप्त्यांत, साठ ते नव्वद सेकंदांत द्या आणि बीआयएस (मेंदूच्या लहरींवरून भुलेची खोली सांगणारा आकडा) किंवा पापणीची प्रतिक्रिया बघत थांबा. उलटीचा धोका असल्याने झटपट इंडक्शन करायचे असेल तर ही सवलत मिळत नाही. तेव्हा नॉरअ‍ॅड्रिनॅलिन हे वाहिन्या आवळून दाब टिकवणारे औषध आधीच चालू असलेले बरे.

पहिली दहा मिनिटे

खांदे आणि डोके उंचावून कानाचे छिद्र आणि छातीच्या हाडाची वरची खाच एका आडव्या रेषेत आणा, टेबल २५ ते ३० अंश डोक्याकडून वर. एंड-टायडल (उच्छ्वासाच्या शेवटी मोजलेला) ऑक्सिजन ९० टक्क्यांवर पोचेपर्यंत मास्क चेहऱ्यावर घट्ट धरून ऑक्सिजन द्या. या स्थितीत फुप्फुसाला जागा मिळते, पण पायात रक्त साचते आणि इंडक्शननंतर दाब आणखी उतरतो. दोन्ही गोष्टी लक्षात ठेवूनच तयारी हवी.

नॉरअ‍ॅड्रिनॅलिन ४ मिलिग्रॅम २५० मिलिलिटरमध्ये घातले की प्रत्येक मिलिलिटरमध्ये १६ मायक्रोग्रॅम होते. वरच्याच रुग्णाला लीन वजनाने ०.०५ मायक्रोग्रॅम प्रतिकिलो प्रतिमिनिट द्यायचे तर मिनिटाला २.७५ मायक्रोग्रॅम, म्हणजे तासाला सुमारे १०.३ मिलिलिटर. पंपात चुकून १२० किलो भरले तर तोच वेग २२.५ होतो. मग दाब सुंदर दिसतो आणि बोटे पांढरी पडतात. पंपावर भरलेले वजन दोघांनी मोठ्याने वाचून तपासा. इंडक्शनच्या मिनिटभर आधी ०.०२ ते ०.०३ ने सुरू करून मग चढवत जाणे, हे दाब कोसळल्यावर धावाधाव करण्यापेक्षा केव्हाही चांगले.

हे औषध हाताच्या शिरेतून द्यायचे तर शीर खात्रीची हवी. लठ्ठ हातात शीर खोल असते. नेहमीच्या छोट्या कॅन्युलाचा जेमतेम टोकाचा भाग शिरेत बसतो आणि हात हलला की निसटतो. बाहेरून सूजही लवकर दिसत नाही, कारण चरबीत भरपूर जागा असते. अल्ट्रासाउंडखाली ६ सेंमीच्या आसपास लांबीचा कॅन्युला पुढच्या हातात टाका, बीपी कफ दुसऱ्या हाताला बांधा आणि ती जागा चादरीबाहेर ठेवा. दर अर्ध्या तासाला हात लावून बघा. औषध बाहेर झिरपलेच तर कॅन्युला लगेच काढू नका. आधी त्यातून जेवढे ओढता येईल तेवढे ओढून घ्या, नंतर ५ ते १० मिलिग्रॅम फेन्टोलामिन १० मिलिलिटर सलाइनमध्ये घालून आजूबाजूला टोचा.

दाब टिकवायचा, पण कशाने

सरासरी धमनीदाब रुग्णाच्या मूळ दाबाच्या २० टक्क्यांच्या आत ठेवा आणि ६५ च्या खाली जाऊ देऊ नका. मूळ दाब १०० असलेल्या माणसाला ६५ पुरत नाही. त्याच्या वाहिन्यांची स्वयंनियमनाची, म्हणजे दाब घटला तरी प्रवाह टिकवण्याची, रेघ वर सरकलेली असते. फ्रान्समध्ये झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'इनप्रेस' चाचणीत मोठ्या शस्त्रक्रियांच्या जोखमीच्या रुग्णांत वरचा दाब विश्रांतीतल्या आकड्याच्या १० टक्क्यांच्या आत नॉरअ‍ॅड्रिनॅलिनने ठेवला, तेव्हा अवयव बिघडण्याचे प्रमाण कमी झाले. लठ्ठ रुग्णासाठी हाच दृष्टिकोन पटतो: प्रत्येकाचा आकडा वेगळा काढायचा.

फिनाइलेफ्रिनचे ५० ते १०० मायक्रोग्रॅमचे डोस हाताशी असतात म्हणून सर्रास दिले जातात. ते धमनिका आवळते, नाडी मंदावते, हृदयातून बाहेर पडणारे रक्त कमी होऊ शकते. आकडा सुधारतो, प्रवाह तसाच राहतो किंवा घटतो. नाडी वेगवान असेल तेव्हा एकदोन डोस ठीक आहेत. पुन्हापुन्हा लागत असेल तर थांबा आणि कारण शोधा: भूल जास्त खोल आहे का, रक्तस्राव आहे का, पीप (उच्छ्वासाच्या शेवटी फुप्फुसात राखलेला दाब) जास्त आहे का. नाडी ५० च्या घरात आणि दाब कमी असेल तर एफेड्रिन ३ ते ६ मिलिग्रॅम अधिक योग्य.

भुलेची खोली बीआयएस ४० ते ६० मध्ये ठेवा. ३० पर्यंत उतरलेला बीआयएस आणि त्याच वेळी चढत जाणारे नॉरअ‍ॅड्रिनॅलिन, हे एका हाताने वाहिन्या सैल करून दुसऱ्या हाताने आवळणे झाले.

सलाइनचा हिशेब आदर्श वजनावर ठेवा. १२० किलोच्या रुग्णाला '१२० किलोप्रमाणे' द्रव दिला तर शिरांतला दाब वाढतो, हृदयाच्या कप्प्यांवर ताण येऊन एट्रियल नॅट्रियुरेटिक पेप्टाइड सुटते, ग्लायकोकॅलिक्सची झीज वाढते आणि दिलेला द्रव ऊतींत उतरतो. सुजलेल्या ऊतीत केशवाहिनी ते पेशी हे अंतर आणखी वाढते. म्हणून संतुलित क्रिस्टलॉइड (क्षारांचे द्रावण) २५० मिलिलिटर, दहा मिनिटांत. स्ट्रोक व्हॉल्यूम (हृदयाच्या एका ठोक्यात बाहेर पडणारे रक्त) १० टक्क्यांहून अधिक वाढला तरच पुढचे २५०. पल्स प्रेशर व्हेरिएशन (श्वासागणिक नाडीदाबात होणारा फरक) १३ टक्क्यांच्या वर असेल तर द्रवाचा उपयोग होईल असे मानतात, पण टायडल व्हॉल्यूम (एका श्वासात दिलेली हवा) आदर्श वजनाच्या ८ मिलिलिटर प्रतिकिलोपेक्षा कमी असेल, पोटात वायू भरलेला असेल किंवा नाडी अनियमित असेल तर त्या आकड्यावर विसंबू नका.

दुर्बिणीची शस्त्रक्रिया असेल तर

लठ्ठ माणसाच्या पोटातला दाब मुळातच ९ ते १४ मिमीच्या आसपास असू शकतो. त्यावर कार्बन डायऑक्साइड भरला जातो. साधा हिशेब ओटीतल्या फळ्यावर लिहून ठेवण्यासारखा आहे: पोटातल्या अवयवांना मिळणारा दाब म्हणजे सरासरी धमनीदाब वजा पोटातला दाब. मूत्रपिंडाच्या गाळणीसाठी पोटातला दाब दोनदा वजा करायचा.

धमनीदाब ६५ आणि पोटातला दाब १५ असेल तर अवयवांना ५० आणि गाळणीला फक्त ३५ उरतात. तेच धमनीदाब ७५ आणि पोटातला दाब १२ असा केला तर ६३ आणि ५१. इतका फरक दोन छोट्या बदलांनी पडतो. म्हणून शल्यविशारदाशी सुरुवातीलाच बोला. स्नायू पूर्ण सैल ठेवतो, तुम्ही दाब १२ किंवा त्याहून कमीवर काम करून बघा, असे सरळ सांगा. फुगवताना वायूचा वेग कमी ठेवायला सांगा, कारण दाब एकदम चढला की नाडी कोसळू शकते.

वायू भरलेला असताना लघवी कमी होतेच. केवळ त्यामुळे सलाइन वाढवत नेले तर वर सांगितलेल्या सुजेच्या मार्गाने नुकसान होते.

डोके वर असलेल्या स्थितीत आणखी एक चूक होते. धमनीच्या लाइनचा दाब मोजणारा ट्रान्सड्यूसर हृदयाच्या पातळीवर असतो आणि कान त्याच्यापेक्षा १५ सेंमी वर. दर १० सेंमीला सुमारे ७.५ मिमी या हिशेबाने मेंदूला मॉनिटरपेक्षा ११ मिमी कमी मिळतात. टेबल उचलले की ट्रान्सड्यूसर कानाच्या पातळीवर आणा, किंवा फरक मनात धरून लक्ष्य वाढवा.

कोणत्या खुणेवर किती विश्वास

परफ्युजन इंडेक्स फुकट मिळतो, पण तो भूल, तापमान आणि औषधे तिन्हींनी हलतो. इंडक्शननंतर तो वाढला तर समाधान मानू नका. स्थिर भुलेत तो हळूहळू निम्म्यावर आला, तर मात्र बघायलाच हवे. जाड बोटात प्रोब नीट बसत नसेल तर तो कानाच्या पाळीला लावा. पण कान आणि बोट यांची आपसात तुलना करू नका. कानाची पाळी वाहिन्या आवळण्याच्या संकेतांना बोटाइतका प्रतिसाद देत नाही.

तापमानाचे दोन प्रोब, एक पुढच्या हातावर आणि दुसरा त्याच हाताच्या बोटाच्या टोकावर, ही सगळ्यात स्वस्त आणि भरवशाची युक्ती. दोन्हींत फरक जवळपास शून्य असेल तर बोटातल्या वाहिन्या उघड्या आहेत. बोट ४ अंशांनी गार झाले तर त्या जोरात आवळल्या आहेत. यातून कारण कळत नाही, पण वेळ अचूक कळते. आणि वेळ कळली की त्या मिनिटाला काय बदलले हे शोधता येते.

ऊतीतला ऑक्सिजन मोजणारा निअर-इन्फ्रारेड ऑक्सिमीटर असेल तर जागा विचारपूर्वक निवडा. मांडीवर किंवा दंडावर लावला तर प्रकाश चरबीतच अडकतो आणि तुम्ही स्नायूऐवजी चरबीचा आकडा वाचत बसता. अंगठ्याच्या बुंध्याचा मांसल भाग सगळ्यात योग्य, तिथे लठ्ठ माणसातही चरबी कमी असते. राखीव ताकद बघायची तर कफ वरच्या दाबाच्या ५० मिमी वर तीन मिनिटे फुगवा आणि मग एकदम सोडा. आकडा किती वेगाने खाली जातो यावरून ऊती किती ऑक्सिजन वापरते ते कळते. सोडल्यावर किती वेगाने वर येतो यावरून वाहिन्या किती उघडू शकतात ते कळते. दुसरा वेग महत्त्वाचा. तो रुग्णाच्या जागेपणीच्या वेगापेक्षा बराच मंद झाला असेल, तर दाबाचा आकडा चांगला असूनही राखीव ताकद संपत आली आहे. ज्या हाताला नॉरअ‍ॅड्रिनॅलिन चालू आहे त्या हातावर ही चाचणी करू नका.

लॅक्टेट सुरुवातीला, दोन तासांनी आणि शेवटी. २ मिलिमोलच्या वर आणि चढते असेल तर दखल घ्या. मेटफॉर्मिन किंवा अ‍ॅड्रिनॅलिन चालू असेल तर रक्तपुरवठा चांगला असूनही लॅक्टेट वाढू शकते, हे ध्यानात असू द्या.

तापमान, वायू, साखर

इंडक्शनपूर्वी अर्धा तास गरम हवेचे ब्लँकेट, नंतर शरीराचे तापमान ३६ अंशांच्या वर. लठ्ठ रुग्ण पहिल्या तासात सडपातळ रुग्णाइतके गार पडत नाहीत, म्हणून ब्लँकेट विसरले जाते आणि लांबलेल्या शस्त्रक्रियेत ते महागात पडते.

ऑक्सिजन गरजेपुरताच. रक्तात ऑक्सिजनचा दाब फार वाढला की धमनिका आवळतात आणि चालू केशवाहिन्यांची घनता कमी होते. दुसरीकडे, लठ्ठ रुग्णांच्या त्वचेखालच्या चरबीत ऑक्सिजन कमी असतो आणि जखमेतल्या संसर्गाचे हेही एक कारण आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये नळी टाकलेल्या प्रौढांना ८० टक्के ऑक्सिजन द्यावा असे ठामपणे सांगितले होते, पुढे २०१८ मध्ये ती शिफारस सौम्य करून सशर्त केली. त्यामुळे सरसकट ८० टक्के ठेवण्यापेक्षा चरबीपर्यंतचा रक्तप्रवाह सुधारण्यावर भर देणे अधिक पटते. एंड-टायडल कार्बन डायऑक्साइड ४० ते ४५ ठेवला तर त्वचेखालचा ऑक्सिजन सुधारतो. फुप्फुसाच्या धमनीतला दाब किंवा डोक्यातला दाब वाढलेला असेल तर हे करू नका. वेगाने श्वास देऊन तो ३० वर आणणे टाळाच.

पीपबाबत २०१९ च्या 'प्रोबीज' चाचणीत बीएमआय ३५ च्या वरच्या रुग्णांत १२ सेंमी पीपने ४ सेंमीच्या तुलनेत फुप्फुसाच्या गुंतागुंती कमी झाल्या नाहीत. पीप चढवताना दाब आणि बोटाचे तापमान दोन्ही बघा.

साखर १४० ते १८० मिलिग्रॅममध्ये. अचानक चढलेली साखर ग्लायकोकॅलिक्स थेट पातळ करते. उलटी टाळायला डेक्सामिथासोन दिले असेल तर साखर काही तासांनी वाढते, तेव्हा रिकव्हरीतही तपासा. प्रतिजैविक चिरेच्या आधी ६० मिनिटांच्या आत: सेफाझोलिन २ ग्रॅम, १२० किलो किंवा अधिक असेल तर ३ ग्रॅम, चार तासांनी पुन्हा. वाहिन्या आवळलेल्या असताना ते चरबीत पोचत नाही, म्हणून आधी रुग्ण गरम हवा.

अंगाखाली दबलेला भाग

केशवाहिनीच्या धमनीकडच्या टोकाला सुमारे ३२ मिमी दाब असतो. लँडिस यांनी १९३० मध्ये नखाच्या मुळाशी तो मोजला होता. बाहेरून याहून जास्त दाब तासन्‌तास राहिला आणि आतला दाबही आपण कमी ठेवला, तर स्नायू मरतो. लठ्ठ रुग्णात ही जागा म्हणजे नितंब, कारण चरबी असूनही खोल स्नायू हाड आणि टेबल यांच्यामध्ये चेपला जातो. चार तासांपेक्षा लांबलेल्या शस्त्रक्रियेत, विशेषतः बीएमआय ५० च्या वर, धोका खरा आहे.

नितंबांखाली जाड जेलची गादी घाला. तिच्यावर चादरीची घडी किंवा वायर राहिलेली नाही हे हात फिरवून पाहा. शल्यविशारदाची परवानगी घेऊन ठराविक वेळाने टेबलाचा कल बदला. पाय स्टिरपमध्ये उंच असतील तर पोटरीतला रक्ताचा दाब घटतो आणि स्नायूंचा बंद कप्पा फुगून रक्त अडण्याचा धोका वाढतो. लांबलेल्या कामात मधे पाय खाली आणा. शुद्धीवर आल्यावर जखमेपेक्षा नितंब जास्त दुखतो असे रुग्ण म्हणाला, किंवा लघवी चहाच्या रंगाची झाली, तर क्रिएटिन काइनेजची (स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणाऱ्या विकराची) तपासणी त्याच क्षणी पाठवा. १००० युनिटच्या वर गेले की द्रव वाढवून लघवीवर तासागणिक लक्ष ठेवा.

जाग येताना आणि नंतर

भूल उतरते तशी सिम्पथेटिक संस्था परत चढते. वेदना, थंडी आणि कुडकुडणे यांनी त्वचेतल्या वाहिन्या आवळतात आणि त्याच वेळी ऑक्सिजनची मागणी वाढते. नळी काढण्यापूर्वी वेदनाशामक पुरेसे दिलेले असावे, तापमान ३६ च्या वर असावे आणि स्नायूंची ताकद पूर्ण परतलेली असावी. नॉरअ‍ॅड्रिनॅलिन एकदम बंद करू नका, दर काही मिनिटांनी थोडेथोडे उतरवा. रुग्णाला शांत ठेवणारे डेक्समेडेटोमिडिन वापरायचे असेल तर ते झटकन देऊ नका. वेगाने दिले की त्यानेच वाहिन्या आवळतात.

रिकव्हरीत अर्धा तास डोके वर ठेवा, पोटऱ्यांवर दाबाच्या पट्ट्या चालू ठेवा आणि कॅपिलरी रिफिल त्याच बोटावर, त्याच पद्धतीने, दर पंधरा मिनिटांनी मोजा. रुग्ण गरम आहे, वेदना नाहीत, दाब मूळ आकड्याला पोचला आहे आणि तरीही रिफिल चार सेकंदांच्या वर राहते, असे झाले तर वॉर्डात पाठवू नका. हिमोग्लोबिन, लॅक्टेट आणि ईसीजी बघा, पोटाला हात लावा, ड्रेनमध्ये किती रक्त आले ते तपासा आणि शल्यविशारदाला बोलवा.